उलट्या थांबल्या, पण रुग्णाला बसवेना

पार्श्वभूमी

रुग्ण ४४ वर्षांच्या. स्तनाचा कर्करोग, शस्त्रक्रिया झालेली, जखम नीट भरलेली. पुढे केमोथेरपी ठरली: डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड या जोडीच्या चार सायकली, दर तीन आठवड्यांनी एक, आणि त्यानंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल. मी कर्करोग विभागात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. रुग्णांची औषधं तपासणं, एकमेकांशी न जुळणारी औषधं शोधणं आणि दुष्परिणामांची नोंद ठेवणं हे माझं काम. ताईंची ओळख पटेल असे सगळे तपशील इथून काढून टाकले आहेत.

पहिल्या भेटीतच काही गोष्टी स्पष्ट झाल्या होत्या. दोन्ही गरोदरपणांत त्यांना कडक उलट्या झाल्या होत्या. गाडीतून लांबचा प्रवास लहानपणापासून सोसत नाही. दारू कधीच घेतलेली नाही. वय पन्नाशीच्या आतलं. केमोनंतर मळमळ होण्याचा धोका वाढवणाऱ्या ज्या गोष्टी रुग्णाच्या बाजूने मोजल्या जातात (स्त्री असणं, कमी वय, गरोदरपणातल्या उलट्या, गाडी लागणं, मद्यपानाची सवय नसणं) त्या सगळ्याच इथे होत्या. औषधांच्या बाजूनेही ही जोडी उलटीच्या सर्वाधिक धोक्याच्या गटातली.

आणखी एक नोंद होती, जी पुढे फार महत्त्वाची ठरली. चिंतेच्या विकारासाठी त्या तीन वर्षांपासून एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम घेत होत्या. त्याने त्यांना चांगला आराम होता.

पहिल्या सायकलीत काय दिलं

सर्वाधिक धोक्याच्या केमोसाठी आज चार औषधांची शिफारस आहे: सेरोटोनिन या रसायनाचा एक ग्राहक (पेशीवरची संदेश झेलणारी जागा) रोखणारं औषध (ऑन्डान्सेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन यांपैकी एक), एनके-१ ग्राहक रोखणारं औषध (अ‍ॅप्रेपिटंट किंवा त्याच्या कुळातलं), डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि ओलान्झापिन. ताईंना यातली पहिली तीन मिळाली. ओलान्झापिन वगळलं.

वगळण्याची कारणं दोन. ओलान्झापिन हे मुळात मानसिक आजारावरचं औषध. त्याचं माहितीपत्रक वाचून घरचे घाबरले. "आधीच एक गोळी चालू आहे, आता ही कशाला," असं त्यांच्या यजमानांचं म्हणणं. डॉक्टरांनाही गुंगीची काळजी वाटत होती. तीन औषधांवर भागेल, नाही भागलं तर पुढच्या सायकलीला वाढवू, असं ठरलं. त्या वेळी हा निर्णय कुणालाच अवाजवी वाटला नाही.

घरी जाताना तीन दिवस ऑन्डान्सेट्रॉन ८ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, केमोचा दिवस धरून तीन दिवस डेक्सामेथासोन, अ‍ॅप्रेपिटंटचे उरलेले दोन डोस, आणि शेवटच्या ओळीत "मेटोक्लोप्रमाइड १० मिलिग्रॅम, मळमळ वाटल्यास" एवढंच. दिवसाला जास्तीत जास्त किती, दोन गोळ्यांत किती तासांचं अंतर, किती दिवस, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

अडचण

केमोचा दिवस शांत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून मळमळ सुरू झाली. उलटी एकही नाही. उमासे यायचे, तोंडाला पाणी सुटायचं, पोटात काही ठेवावंसं वाटायचं नाही.

हे असं का होतं ते थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. केमोमुळे आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमधून सेरोटोनिन बाहेर पडतं आणि व्हेगस चेतेतून मेंदूकडे संदेश जातो. पहिल्या २४ तासांतली उलटी मुख्यतः या वाटेने होते, आणि ऑन्डान्सेट्रॉनसारखी औषधं ती वाट चांगली अडवतात. त्यानंतरच्या टप्प्यात, म्हणजे साधारण २४ ते १२० तासांत, सबस्टन्स पी या दुसऱ्या रसायनाचा वाटा मोठा असतो. एनके-१ रोखणारी औषधं तिथे कामाला येतात. या दोन्ही गटांचा जोर उलटीवर जास्त आहे. मळमळ त्यांना तेवढी दाद देत नाही. तिच्यात डोपामिन, हिस्टामिन अशी इतरही रसायनं गुंतलेली असतात, आणि ती मेंदूच्या वरच्या भागांत जाणवते. म्हणून एकही उलटी नसलेला रुग्ण दिवसभर मळमळीने हैराण असू शकतो.

ताईंनी मेटोक्लोप्रमाइड घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी तीन गोळ्या, चौथ्या दिवशी चार. चौथ्या दिवशी आमच्या नर्सचा नेहमीचा फोन गेला. "उलट्या किती झाल्या, ताई?" "एकही नाही." फाइलमध्ये नोंद झाली: उलट्या नियंत्रणात.

त्याच रात्री त्यांना झोप लागेना. पडलं की उठावंसं वाटे, उठलं की चालावंसं वाटे, चाललं की थोडं बरं वाटे आणि परत बसलं की तेच. यजमानांना वाटलं, आजाराची भीती वर आली. ताईंनाही तेच वाटलं. "माझी चिंता परत सुरू झाली" असं त्या स्वतःच म्हणाल्या, आणि त्या वाक्याने पुढचे काही तास सगळ्यांची दिशा चुकली.

पाचव्या दिवशी सकाळी त्या तातडीच्या विभागात आल्या. नाडी १०८, रक्तदाब १०६/७०, ताप नाही, जीभ कोरडी. मळमळ दहापैकी सात. चार दिवस शौचाला झालेलं नव्हतं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी जुनी फाइल पाहिली, चिंतेचा विकार पाहिला, आणि लिहून दिलं: सलाईन, मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन शिरेतून, अल्प्राझोलामची गोळी.

पहिला निर्णायक क्षण: इंजेक्शन भरण्याआधी

इथे एका नर्सच्या नजरेमुळे प्रकरणाला वळण मिळालं. सलाईन लावण्यासाठी हात धरला असताना तिच्या लक्षात आलं की ताई बसल्या जागी पाय आलटून पालटून उचलत आहेत, जणू उभ्या राहून कवायत करतायत अशा लयीत. मांड्या हलतायत, टाचा आपटतायत, धड मात्र स्थिर. तिने विचारलं, "मनात भीती वाटतेय, की अंगाला बसवत नाहीये?" ताई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अंगाला बसवत नाही. मनात वेगळं काही नाहीये."

नर्सने इंजेक्शन बाजूला ठेवलं आणि मला फोन केला.

मी यजमानांकडे गोळ्यांच्या वेळा मागितल्या. त्यांच्याकडे एक वही होती. औषध कधी दिलं आणि ताई रात्री किती वाजता उठल्या, दोन्ही त्यांनी त्यात लिहून ठेवलं होतं. चौथ्या दिवसाचं पान डोळ्यांपुढे ठेवलं. मेटोक्लोप्रमाइड सकाळी सात, दुपारी साडेबारा, संध्याकाळी सहा, रात्री दहा. त्याखाली: "८ वाजता फेऱ्या मारतेय", "दीड वाजता अंगणात", "७ वाजता पुन्हा उठली", "११ पासून रात्रभर". प्रत्येक गोळीनंतर सुमारे तासाभराने अस्वस्थता, आणि शेवटच्या गोळीनंतर ती उतरलीच नाही. डेक्सामेथासोनचा शेवटचा डोस तिसऱ्या दिवशी सकाळी होता.

हा अकॅथिसिया होता, म्हणजे औषधामुळे येणारी, एका जागी बसू न देणारी अस्वस्थता. मेटोक्लोप्रमाइड मेंदूतले डोपामिनचे ग्राहक रोखतं. उलटीच्या केंद्राजवळ त्याचा उपयोग होतो, पण तेच औषध मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागातही पोचतं. तिथे अडथळा आला की काहींची मान किंवा डोळे एका बाजूला ओढले जातात (तरुण रुग्णांत, विशेषतः मुलींत हे जास्त दिसतं), आणि काहींना ही आतून ढकलणारी अस्वस्थता येते. मान वाकडी झाली तर सगळ्यांचं लक्ष जातं. अस्वस्थता मात्र चिंता म्हणून खपून जाते, आणि रुग्णाच्या फाइलवर चिंतेचा विकार आधीच लिहिलेला असेल तर हमखास.

एस्सिटालोप्रामची भर इथे दोन बाजूंनी पडली. अशा गटातल्या औषधांनी स्वतःहूनही अकॅथिसिया होऊ शकतो. शिवाय मेटोक्लोप्रमाइड ज्या विकरामार्फत (एन्झाइममार्फत) शरीरातून निघतं, त्याला एस्सिटालोप्राम काही प्रमाणात रोखतं, म्हणजे रक्तातली पातळी अपेक्षेपेक्षा वर राहू शकते. आणि दिवसाला चार गोळ्या म्हणजे ४० मिलिग्रॅम. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली या औषधावर जे निर्बंध घातले त्यानुसार प्रौढांत दिवसाला कमाल ३० मिलिग्रॅम आणि कमाल पाच दिवस. त्याआधी, २००९ मध्ये, अमेरिकेच्या नियामकाने दीर्घ वापरात न जाणाऱ्या अनैच्छिक हालचालींबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला होता.

आणखी काय असू शकलं असतं

एक कारण सापडलं म्हणून बाकीची सोडायची नसतात. डॉक्टरांनी सेरोटोनिनच्या विषबाधेची शक्यता स्वतंत्रपणे तपासली, कारण एस्सिटालोप्राम आणि मेटोक्लोप्रमाइड एकत्र आलेली होती. घोट्याला झटका दिल्यावर पाय लयीत थरथरतो का, प्रतिक्षिप्त क्रिया वाढल्यात का, घाम, ताप, जुलाब आहेत का, हे पाहिलं. काहीच नव्हतं. डेक्सामेथासोनने झोप उडते आणि चिडचिड होते, पण तो थांबून दोन दिवस होत आले होते आणि अस्वस्थता त्यानंतर वाढली होती.

मळमळीचीही सगळी कारणं केमोत नव्हती. रक्ततपासणीत पोटॅशियम ३.२, कॅल्शियम आणि साखर ठीक, पांढऱ्या पेशी अजून सुरक्षित पातळीवर. ईसीजीत क्यूटीसी (प्रत्येक ठोक्यानंतर हृदय विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, आलेखावरचं एक अंतर) ४६८ मिलिसेकंद, स्त्रियांसाठीच्या मर्यादेच्या किंचित वर. ऑन्डान्सेट्रॉन हे अंतर लांबवतं, एस्सिटालोप्रामही लांबवतं, आणि कमी पोटॅशियममुळे लांबलेल्या अंतराचा धोका वाढतो. तिन्ही एकत्र आले होते. ऑन्डान्सेट्रॉनच्या या गुणामुळेच २०१२ साली त्याचा शिरेतून द्यायचा ३२ मिलिग्रॅमचा एकच मोठा डोस बंद करण्यात आला होता.

पोट तपासलं तर डाव्या बाजूला भरलेलं लागत होतं. आतड्यात अडथळ्याची चिन्हं नव्हती. ऑन्डान्सेट्रॉनने आतड्याची हालचाल मंदावते, त्यात पाणी पोटात जात नव्हतं. चार दिवसांची बद्धकोष्ठता स्वतःच मळमळ आणते. म्हणजे मळमळीसाठी दिलेलं औषध मळमळीचं एक कारण झालं होतं. कर्करोग विभागात हे इतकं सरसकट दिसतं की याची दखल पहिल्याच दिवशी का घेतली जात नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

समोर असलेले पर्याय

लिहून दिलेलं तसंच करणं, म्हणजे मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन आणि वर शांत करणारी गोळी, हे उघडच बाद झालं. ते भराभर दिलं की अकॅथिसिया आणखी वाढतो.

ऑन्डान्सेट्रॉन वाढवायचं? क्यूटीसी आणि बद्धकोष्ठता दोन्ही विरोधात होती, आणि पाचव्या दिवशी त्याचा उपयोगही बेताचाच.

प्रोक्लोरपेराझिन? तेही डोपामिन रोखणारंच. डॉम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, त्यामुळे अकॅथिसियाची भीती कमी. पण हृदयाच्या लयीवर त्याचा परिणाम होतो, म्हणून लांबलेल्या क्यूटीसीवर ते द्यायचं नाही. प्रोमेथाझिनने गुंगी येते, बद्धकोष्ठता वाढते.

ओलान्झापिनची छोटी मात्रा त्याच रात्री सुरू करावी, असं एक मत होतं. माझं मत विरुद्ध होतं. ओलान्झापिनही डोपामिन रोखतं. अकॅथिसिया चालू असताना ते दिलं आणि अस्वस्थता राहिली, तर कोणत्या औषधाने राहिली हे कळणार नाही, आणि हे औषध पुढच्या सायकलींसाठी कायमचं हातचं जाईल. ते आज खर्ची घालू नये, असं मी म्हटलं.

शेवटचा पर्याय सर्वांत साधा, पण धीर मागणारा: मळमळीवर त्या दिवशी एकही नवं औषध द्यायचं नाही. दोषी औषध थांबवायचं, पाणी आणि क्षार भरून काढायचे, पोट साफ करायचं, अकॅथिसियाला उपचार करायचा आणि वाट पाहायची.

काय केलं

शेवटचा पर्याय घेतला. सात गुण मळमळ असलेल्या बाईला "आज नवं औषध नाही" हे सांगणं सोपं नव्हतं. डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसले, यजमानांच्या वहीचं पान दाखवलं, आणि कोणत्या गोळीने काय झालं ते तारखेवार समजावलं. ताईंना रडू आलं. "म्हणजे मला वेड लागत नव्हतं," असं त्या म्हणाल्या. नंतरच्या तासाभरात नाडी थोडी उतरली. यात सलाईनचा भाग किती आणि या वाक्याचा किती, ते वेगळं काढता येणार नाही.

मेटोक्लोप्रमाइड आणि ऑन्डान्सेट्रॉन बंद. सलाईनमधून पोटॅशियम. मॅग्नेशियम पाहिलं, ते ठीक होतं. पोट साफ होण्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉल. रक्तदाब सुधारल्यावर आणि दमा नाही याची खात्री करून प्रोप्रानोलोल २० मिलिग्रॅम. अकॅथिसियावर हे चांगलं काम करतं. कोरडी जीभ आणि १०६ रक्तदाब असताना ते आधीच दिलं असतं तर चक्कर येऊन त्या पडल्या असत्या, म्हणून हा क्रम पाळला. रात्री लोराझेपाम ही शांत करणारी गोळी, १ मिलिग्रॅम. एस्सिटालोप्राम चालू ठेवलं. केमोच्या ऐन मध्यावर ते अचानक तोडलं असतं तर चक्कर, मळमळ आणि चिंता अशी नवी लक्षणं आली असती.

मेटोक्लोप्रमाइडचं शरीरातलं प्रमाण साधारण पाच-सहा तासांत निम्मं होतं. त्या हिशेबाने दिवसभरात फरक पडायला हवा होता, आणि पडला. रात्री दहाला पाय शांत होते. ताई सलग पाच तास झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट साफ झालं आणि दुपारी त्यांनी मळमळीला तीन गुण दिले. नवं औषध न देता सातावरून तीन.

दुसरा निर्णायक क्षण: पुढच्या सायकलीत काय द्यायचं

दुसऱ्या सायकलीआधी डॉक्टर, ताई, यजमान, ती नर्स आणि मी एकत्र बसलो. प्रश्न एकच होता: ओलान्झापिन द्यायचं का?

बाजूने पुरावा चांगला होता. २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या चाचणीत नेहमीच्या तीन औषधांना ओलान्झापिन १० मिलिग्रॅमची जोड दिल्यावर पाचही दिवस अजिबात मळमळ न झालेल्यांचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेलं. त्या चाचणीने उलटीऐवजी मळमळ मोजली, म्हणून मला ती महत्त्वाची वाटते. त्याच आकड्याची दुसरी बाजूही ताईंना सांगितली: चार औषधं घेऊनही निम्म्याहून जास्त रुग्णांना थोडीफार मळमळ झालीच.

गुंगीचा प्रश्न मात्र खरा होता. जपानमधल्या २०२० च्या चाचणीत ५ मिलिग्रॅम पुरेसं ठरलं होतं. पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या चाचणीने, जी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, २.५ मिलिग्रॅम हे १० मिलिग्रॅमपेक्षा कमी पडत नाही आणि दिवसाची झोपाळूपणाची तक्रार त्यात बरीच कमी असते, असं दाखवलं. आमच्या रुग्णासाठी हाच पुरावा निर्णायक ठरला. एकदा अकॅथिसिया झालेल्या व्यक्तीला डोपामिन रोखणारं औषध द्यायचंच असेल, तर काम होईल इतपत लहान मात्रेत. ओलान्झापिनने अकॅथिसिया होत नाही असं नाही, पण मेटोक्लोप्रमाइडच्या मानाने तो कमी होतो, आणि इथे मात्रा सर्वांत खालची होती.

यजमानांची हरकत यावेळी वेगळ्या तऱ्हेने हाताळली. "हे मानसिक आजाराचं औषध नाहीच" असं कोणी सांगितलं नाही, कारण ते खोटं ठरलं असतं आणि माहितीपत्रक पुन्हा घाबरवणारच होतं. तेच औषध वेगळ्या मात्रेत, चार रात्रींपुरतं, वेगळ्या कारणासाठी कसं वापरतात ते सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सवय लागेल का?" उत्तर होतं, नाही.

अंतिम योजना अशी ठरली. केमोच्या दिवशी पॅलोनोसेट्रॉनचा एकच डोस. ते शरीरात सुमारे ४० तास अर्ध्यावर येत नाही, त्यामुळे घरी रोज ऑन्डान्सेट्रॉनच्या गोळ्या लागत नाहीत आणि क्यूटीसीवरही त्याचा परिणाम नगण्य. अ‍ॅप्रेपिटंट तीन दिवस. डेक्सामेथासोन फक्त पहिल्या दिवशी, तेही १२ मिलिग्रॅम. अ‍ॅप्रेपिटंटमुळे त्याची रक्तातली पातळी वाढते, म्हणून मात्रा कमी धरावी लागते. ओलान्झापिन २.५ मिलिग्रॅम चार रात्री. रेचक पहिल्या रात्रीपासून, बद्धकोष्ठता होण्याची वाट न पाहता. केमोआधी पोटॅशियम आणि ईसीजी. त्या वेळी क्यूटीसी ४४८ होतं.

ही योजना या एका रुग्णाच्या तपासण्या पाहून आखलेली आहे. दुसऱ्याने ती जशीच्या तशी उचलू नये. यातली प्रत्येक मात्रा कशावर तरी अवलंबून आहे.

परिणाम

दुसऱ्या सायकलीत सर्वांत वाईट दिवस तिसरा, मळमळ चार गुण. उलटी नाही, पायांची अस्वस्थता नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या झोपेत होत्या आणि तोल सांभाळून चालावं लागत होतं; पुढच्या सायकलीपासून ओलान्झापिन रात्री दहाऐवजी संध्याकाळी सातला दिलं, तेव्हा सकाळ बरीच मोकळी झाली. भूक वाढली, ही त्यांना आवडलेली गोष्ट. साखर तपासत राहिलो, ती वाढली नाही.

तिसऱ्या सायकलीला एक वेगळीच अडचण आली. वॉर्डचं दार उघडून जंतुनाशकाचा वास आला की त्यांना उमासे यायला लागले, सुई टोचण्याआधीच. मागच्या वाईट अनुभवातून तयार होणारी ही आगाऊ मळमळ. तिच्यावर उलटीरोधक औषधांचा फारसा उपयोग होत नाही. आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी लोराझेपामची छोटी मात्रा, वासापासून दूरची खोली आणि श्वासाचे व्यायाम यांनी ती आटोक्यात राहिली, पूर्ण गेली नाही. पहिली सायकल नीट सांभाळली असती तर बहुधा ती आलीच नसती, आणि या प्रकरणातलं मला सर्वांत जास्त लागलेलं नुकसान हेच आहे. पायांची अस्वस्थता एका दिवसात गेली. ही आगाऊ मळमळ चौथ्या सायकलीपर्यंत राहिली.

कशाने किती फरक पडला हे ठामपणे सांगता येत नाही. पॅलोनोसेट्रॉन, ओलान्झापिन, रेचक, मेटोक्लोप्रमाइड नसणं, आणि काय होतंय हे ताईंना ठाऊक असणं, सगळं एकदम बदललं. एका रुग्णावरून ओलान्झापिनचं श्रेय मोजता येत नाही, तसा दावाही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

ओलान्झापिन पहिल्याच सायकलीत, लहान मात्रेत द्यायला हवं होतं. धोक्याच्या सगळ्या खुणा समोर होत्या. "आधी तीन औषधं, मग पाहू" ही सावध चाल वाटते, पण मळमळीच्या बाबतीत पहिली सायकलच पुढच्या सायकलींचा अनुभव ठरवते.

चिठ्ठीवर "मळमळ वाटल्यास" लिहिताना कमाल गोळ्या, अंतर आणि दिवस लिहिलेच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. आता आमच्या विभागात मेटोक्लोप्रमाइडपुढे "दिवसाला तीनपेक्षा जास्त नाही, बसवेनासं झालं तर बंद करून फोन करा" असं छापील वाक्य येतं. एस्सिटालोप्रामसारखं औषध चालू असेल तर मेटोक्लोप्रमाइड शक्यतो टाळतो.

फोनवरच्या प्रश्नांत बदल केला. उलट्या किती, याबरोबर मळमळ दहापैकी किती, शौच कधी झालं, पोटात किती पाणी जातंय, आणि "एका जागी शांत बसवतं का?" हे चार प्रश्न विचारले जातात. शेवटच्या प्रश्नावर काही रुग्ण गोंधळतात. ज्यांना त्रास होत असतो ते मात्र लगेच "नाही" म्हणतात.

तातडीच्या विभागाबाबत चमूत अजून मतभेद आहेत. काहींच्या मते ज्या रुग्णाला चिंतेचा विकार आहे त्याच्या अस्वस्थतेत आधी औषधं तपासण्याची सक्ती करावी. इतरांना भीती वाटते की त्यामुळे खरी चिंता दुर्लक्षित राहील. माझ्या मते दोन्ही तपासण्या एकाच वेळी करायला पाच मिनिटं पुरतात: गोळ्यांच्या वेळा लिहायच्या आणि पायांकडे पाहायचं.

चौथी सायकल संपल्यावर पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं. त्याचा उलटीचा धोका कमी, म्हणून ओलान्झापिन आणि अ‍ॅप्रेपिटंट दोन्ही थांबवली. एस्सिटालोप्राम पूर्वीच्याच मात्रेत चालू आहे. फाइलच्या पहिल्या पानावर, अ‍ॅलर्जीच्या रकान्याखाली, "मेटोक्लोप्रमाइड: अकॅथिसिया, पुन्हा देऊ नये" अशी नोंद आहे, आणि तिची एक प्रत यजमानांच्या वहीच्या पहिल्या पानाला चिकटवून दिली आहे.